दोन पुस्तकं आणि एक मत

३ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आमच्या शिक्षक-खोलीत सध्या पुस्तकांचे सामने चालू आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या आम्ही वाचतो, दोन-दोन समोरासमोर ठेवून मतं देतो, हरेल ती बाद. गणिताचे सर कादंबरीलाही दशांशात गुण देतात. अंतिम सामन्यात मतं सारखी पडली आणि राहिलं फक्त माझं. जिंकेल ते पुस्तक नववीच्या प्रत्येक मुलाच्या हातात जाणार, दुसरं कपाटात. माझी मात्र मती गुंग झाली आहे.

पहिल्यातली मुलगी आईला सगळं सांगते आणि मार्गी लागते. दुसरीशी वर्गात कोणी बोलत नाही. ती मधली सुट्टी जिन्याखाली काढते आणि घरी येऊन हसत गमती सांगते. सकाळी पहिलं श्रेष्ठ वाटतं, संध्याकाळी दुसरं. दोन्ही पाठवते आहे. वाच आणि माझं डोकं ठिकाणावर आण.

लोभ आहेच, तो लांबलचक उत्तरातून दिसू दे.
तुझी धाकटी

१२ जुलै

चि. धाकटीस, अ. उ. आ.

यात गोंधळण्यासारखं काय आहे? पहिल्यालाच मत दे. दुसऱ्यातली आई मला पटलीच नाही. पोरगी महिनोन्‌महिने एकटी आणि हिला पत्ता नाही, अशी कुठे आई असते का?

आमची बडबडी लेक बघ. शाळेतून आली की मैत्रिणींच्या गमती सांगून घर डोक्यावर घेते. तिनेही पहिलं वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर ठेवलं. दुसरं जेवतानाही सोडलं नाही, आणि आता ते परत पाठवू नकोस म्हणते. कारण विचारलं तर खांदे उडवते. तुम्हा शाळेतल्या बाईंना मुलं कळतात म्हणे. मला समजावून सांग.

माया आहे, म्हणूनच रागावते.
ताई

१८ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कदाचित मला नसतं काही दिसत असेल, तसं असेल तर खुशाल कान धर. पण बडबडीच्या त्या मैत्रिणींपैकी एक तरी कधी घरी आली आहे का?

मत अजून दिलेलं नाही. राग मानू नकोस, माया पातळ करू नकोस.
धाकटी

२५ जुलै

चि. धाकटीस, अ. उ. आ.

एकही नाही. तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. मग शाळेचा, मग पोरीचा, आणि शेवटी कोणाचा तेच कळेना. काल तिला विचारलं. त्या गमती दुसऱ्या मुलींच्या. ही लांबून ऐकते आणि आपल्या म्हणून सांगते. मला बरं वाटावं म्हणून.

मत कोणाला द्यायचं ते मला विचारू नकोस. पहिल्या पुस्तकातली आई सगळं ऐकल्यावर तीन पानं शहाण्यासारखी बोलते. मी नुसती तिच्या पलंगावर बसून राहिले. शेवटी तीच म्हणाली, आई, काही बोलू नकोस, फक्त ऐक. आणि मग ती किती वेळ बोलत होती, पण एकदाही हसली नाही. मला त्याचंच बरं वाटलं. असं कुठल्या आईला वाटतं, सांग बरं?

दोघींवर लोभ असू दे, आत्ता त्याची फार गरज आहे.
ताई