भरतीची धाव

१४ जानेवारी १९७९

ओकले. शेवटच्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंतसुद्धा पळता आलं नाही. बरगडीखाली कळ, घशाला कोरड, आणि मग रस्त्याच्या कडेलाच उलटी. चोवीस वर्षांत कधी पळालेच नव्हते. शाळेत खो-खोतही मला कुणी घेत नसे.

मार्चअखेर पुण्याला महिला पोलिसांची भरती आहे. मॅट्रिक झालंय, उंची बसते. राहिली ती धाव. ज्योतीरामदादा म्हणाला, "लागलीस तर तुझी तू राणी. नाही लागलीस तर मे महिन्यात मारुतरावांनी आणलेल्या त्यांच्या भाच्याच्या स्थळाला होकार कळवतो."

भाच्याची पहिली बायको विहिरीत गेली. पाय घसरला म्हणतात.

१५ जानेवारी

जिना चढता येत नाही, उतरता तर त्याहून नाही. आई म्हणाली, "हे कसलं खूळ गं." तरी कढत पाणी दिलं.

२१ जानेवारी

दादाचा जुना पायजमा आणि सदरा घालून पळते. साडीत पाय अडकतात. आज रातपाळी सुटलेले दोघे सायकलवरून मागे लागले. मी पळाले की जोरात, मी थांबले की थांबायचे. बोलले काहीच नाहीत, त्यालाच जास्त भ्याले मी. गिरणीचं दार उघडं होतं, आत शिरले. पिठाच्या धुरळ्यात किती वेळ उभी होते कोण जाणे.

घरी सांगणार नव्हते. पण शेजारच्या सोजरबाईंनी बघितलं होतं, त्यांनी आईला सांगितलं. दादा तावातावानं सायकल घेऊन त्या दोघांना शोधायला गेला. सापडले नाहीत. परत आल्यावर वहिनीला म्हणाला, "उद्यापासून तू जायचं हिच्याबरोबर." वहिनीला विचारलं नाही, सांगितलं.

२२ जानेवारी

वहिनी रस्त्याकडेच्या दगडावर बसली. मी पळत गेले, चालत आले. ती म्हणाली, "ताई, तुम्ही दम धरून पळताय. धरू नगा. सोडत जावा." मग पदर खोचला आणि दाखवायला म्हणून निघाली. अनवाणी. निघोज्याला माहेरी शेरडांमागं पळायची म्हणे. मी बघतच राहिले. घरात पायांचा आवाज होऊ न देता चालणारी ही बाई!

२ फेब्रुवारी

गिरणीच्या पुढे गेले. न थांबता.

११ फेब्रुवारी

आता दोघी बरोबरच पळतो. ती पुढे जाते, वळून बघते, हळू होते. पळताना बोलता आलं पाहिजे, म्हणून तिला काहीबाही विचारते. लग्नाला सहा वर्षं झाली, एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. आज हसता हसता दोघींना ठसका लागला.

१८ फेब्रुवारी

दादानं कॅनव्हासचे बूट आणले. पांढरे. स्वतः खाली बसून माझा अंगठा दाबून बघितला, पुढे जागा आहे की नाही ते. बाबा गेल्यापासून असंच करतो माझ्यासाठी. माझी फी, माझं मॅट्रिक, सगळं त्यानंच.

तासाभरानं आतून आवाज आला. कंपनीत चहाच्या टपरीवर कुणी तरी त्याला म्हणालं, "राव, तुमची बायकोबी भरती होतीय का? पोटऱ्या उघड्या टाकून पळती." म्हणून. पट्ट्यानं. वहिनी ओरडत नाही, कधीच नाही. आईनं स्टोला पंप मारायला घेतला. जोरजोरात. त्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही. आई नेहमी तेच करते.

मी ओट्यावर बुटांच्या नाड्या ओवत होते. उठले नाही.

१९ फेब्रुवारी

वहिनी आली. दगडावर बसून राहिली. मी एकटीच पळाले.

१० मार्च

दादाला म्हणाले, "वहिनीला मारू नकोस." एवढंच, आणि तेही जेवताना. तो घास तोंडात ठेवून बघत राहिला. म्हणाला, "तू तुझं धावायचं बघ, कस्तुरा." आवाज चढवला नाही.

२७ मार्च

पुण्याचं मैदान. सगळ्या मुली माझ्याहून लहान. शिटी झाली आणि मी मूर्खासारखी पहिल्याच फेरीत जोरात सुटले. दुसरीत कळ आली. एकेक जण पुढे जायला लागली. शेवटच्या फेरीत डोळ्यांपुढे पांढरं दिसत होतं. कुंपणापलीकडून दादा ओरडत होता, "कस्तुरा, सोडू नकोस!" कंपनीतली पाळी बुडवून आला होता. बाबांचं नाव घेऊन ओरडत होता. मी दम सोडत गेले, सोडत गेले. मागून तिसरी आले, पण वेळेत आले.

दादा रडला. एवढा मोठा माणूस, सगळ्यांदेखत. मीही.

२३ एप्रिल

यादीत नाव आहे! दादानं गल्लीत पेढे वाटले, विहारात मेणबत्त्या लावल्या. मारुतरावांना आपणहून नकार कळवला. आता फक्त चौकशी राहिली. चौकीतला माणूस घरी येईल, घरच्यांवर काही गुन्हा आहे का विचारेल. दादा म्हणाला, "आपल्या घरावर डाग नाही. निवांत राहा."

६ मे

वहिनीचा हात मोडला. मी आणि आई बाजारात होतो. माहेरी जाते म्हणाली, एवढंच निमित्त. दवाखान्यात दादा डॉक्टरांना म्हणाला, "मोरीत घसरली." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. दादानंही बघितलं.

मला ती विहीर आठवली. पाय घसरला म्हणतात.

मी म्हणाले, "मला माहीत नाही, मी घरात नव्हते."

७ मे

वहिनीच्या खाटेशी बसले. तिला म्हणाले, चौकीत जाऊ. ती म्हणाली, "तुमची नोकरी जाईल, ताई. मला हाय ह्याची सवय." मग भिंतीकडे तोंड करून, "पुढच्या बारीला मान मोडतील. म्हणलेत तसं."

आई दारात उभी होती. तिनं ऐकलं. आज ती स्टोकडे गेली नाही.

८ मे

वहिनीला घेऊन चौकीत गेले. जमादार म्हणाले, "घरातलं भांडण आहे, घरी मिटवा." आम्ही उठलो नाही. शेवटी त्यांनी कागद ओढला. "मारणाऱ्याचं नाव?"

वहिनीच्या तोंडून नाव निघेना. मी सांगितलं. ज्योतीराम दत्तोबा. नातं विचारलं, तेही सांगितलं.