एक्क्याण्णवाव्या पायदानावरचं गाणं

सेंदाई,
एप्रिल २०१३

तीर्थस्वरूप कुमुदिनीवन्सं यांच्या चरणी जयंतीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. इथे जमीन थंडगार असते आणि एकदा खाली बसले की मला उठवायला अश्लेषाला विद्यापीठातून बोलवावं लागतं.) तुमचे गुडघे कसे आहेत? माझ्या पियुषने आणून दिलेलं तेल लावता, की बाटली उशाशी ठेवून त्याला नुसतं "लावते हो" म्हणता? साखर किती आहे ते विचारत नाही. तुम्ही खरं सांगणार नाही, मग मला राग येईल, आणि नाशिकच्या वडीलधाऱ्या नणंदेवर जपानहून रागावणं बरं दिसत नाही. आम्ही सगळे खुशाल. जावई दिवसभर एका लॅबमध्ये, अश्लेषा दिवसभर दुसऱ्या लॅबमध्ये. नातीला, तन्वीला, मी मराठीत "जेवतेस का" विचारलं की ती जपानीत उत्तर देते आणि जेवत नाही.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत की मी तिथे दिवसभर करते काय. तेव्हा "काही नाही, बसून असते" म्हणाले, कारण अश्लेषा मागून हातवारे करत होती. (तिला भीती, मी सगळं सांगितलं तर तुम्ही पियुषला सांगाल आणि तो मला परतीचं तिकीट पाठवेल.) म्हणून पत्र लिहिते आहे. चष्मा लावून, सावकाश वाचा.

सुरुवात नारळापासून झाली. संकष्टीला मोदक करावेत म्हणून जावयांनी योकोहामाच्या भारतीय दुकानातून नारळ मागवले. घरात कोयता नाही, हातोडी नाही, वरवंटा तर नाहीच. मी आपला एक बाल्कनीच्या फरशीवर आपटला. एकदा, दोनदा, मग देवाचं नाव घेऊन जोरात. फुटला. आणि दारावरची घंटा वाजली. उघडते तर खालच्या मजल्यावरच्या बाई, डोक्याला हेल्मेट, पाठीवर पिशवी, चेहरा पांढराफटक. त्यांना वाटलं भूकंप झाला. हसू नका, वन्सं. मीही आधी हसले आणि मग अश्लेषाने रात्री जेवताना सांगितलं, तेव्हा ताट बाजूला सरकवलं. किनाऱ्यावरच्या एका लहानशा मासेमारीच्या गावात त्यांचं घर होतं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या लाटेत सगळं गेलं, घर गेलं, नवऱ्याचं केशकर्तनालय गेलं, नवराही गेला. ते अजून सापडलेले नाहीत. बाईंना सरकारने हा खालचा फ्लॅट राहायला दिला आहे. मी दुसऱ्या दिवशी मोदकांचं ताट घेऊन खाली गेले आणि हातवारे करून माफी मागितली. त्यांनीही वाकून माफी मागितली. मग मी आणखी वाकले. दोघींच्याही कमरा धरल्या तेव्हा आत बसायला बोलावलं.

त्यांचं नाव मियोको-सान. सत्तरीच्या जवळ असतील. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी येत नाही, तरी आमचं छान जमलं. त्या मला चहा देतात आणि बोलतात, मी त्यांना थालीपीठ देते आणि बोलते. रविवारी अश्लेषा दुभाषी म्हणून येते. पण तिला शोधनिबंध लिहायची सवय. बाई पंधरा मिनिटं डोळे पुसत, हसत काहीतरी सांगतात, आणि आमची पोरगी म्हणते, "आई, त्यांचे मिस्टर पूर्वी गायचे." एवढंच. बाकीचं मी तिच्याकडून दाराशी, लिफ्टमध्ये आणि भांडी घासताना काढून घेतलं, ते असं.

हे शोजी-सान, मियोको-सानचे यजमान, तरुणपणी टोकियोला गायक व्हायला गेले होते. एका लहान कंपनीने त्यांची एक तबकडी काढली. छोटी, मध्ये मोठं भोक असलेली, एका बाजूला एकच गाणं. शोवा सेहेचाळीस साली. (इथे राजाच्या कारकिर्दीवरून सालं मोजतात. म्हणजे आपलं एकाहत्तर साल, माझ्या लग्नाच्या आधीचं.) त्या काळात इथे अशा तबकड्यांचं फार वेड होतं. दर आठवड्याला कोणती किती खपली ते मोजून शंभर गाण्यांचा क्रम जाहीर व्हायचा आणि पोरं तो शाळेच्या निकालासारखा पाठ करायची. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही बाळंतपणाला माहेरी होतात, आणि बुधवारी रेडिओ सिलोनवर गीतमालेची पायदानं सुरू झाली की तुम्ही आणि हे जे भांडायचात, ते बघून मला वाटलं होतं की मी चुकीच्या घरात पडले. आपलं आवडतं गाणं वर चढावं म्हणून ह्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावाने पोस्टकार्डं धाडली होती, आठवतं? त्यातलं एक सासूबाईंच्या नावाचं होतं आणि त्या तर फक्त कीर्तन ऐकायच्या.

शोजी-सानचं गाणं एका विसरलेल्या छत्रीबद्दल होतं. जहाज सुटतं, मुलगी जाते, छत्री धक्क्यावर राहते, असं काहीसं. देशात ते कुणीच घेतलं नाही. पण गावात त्यांचे मामा मच्छीमारांच्या संस्थेचे अध्यक्ष. मामांनी फर्मान काढलं, गावचा मुलगा आहे, प्रत्येक नावेने तबकड्या घ्यायच्या. गावात एकच दुकान. दुकानदार बिचारा टोकियोहून मागवून मागवून दमला. ज्यांच्या घरी तबकडी वाजवायचं यंत्र नव्हतं त्यांनीही घेतल्या, कुणी भिंतीला टांगल्या. आणि गाणं खरोखर शंभरात आलं! एकच आठवडा, एक्क्याण्णवाव्या पायदानावर. गावाने मिरवणूक काढली. पुढच्या आठवड्यात गाणं जे गडप झालं ते झालंच, आणि शोजी-सान गावी परतून केस कापायला लागले. दुकानाच्या पाटीवर रंगाऱ्याने आकडे उलटे करून एकोणिसावा क्रमांक असं लिहिलं, आणि गावातल्या कुणीही, मामांनीसुद्धा, ती चूक दुरुस्त केली नाही.

मियोको-सानला मार्चमधल्या श्राद्धाला ते गाणं लावायचं होतं, म्हणून आम्ही तबकडी शोधायला निघालो. सेंदाईतली जुन्या तबकड्यांची दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी दुकानदाराला गाणं कळेना म्हणून मियोको-सानने मला पुढे केलं. (त्या गुणगुणायच्या ते ऐकून ऐकून माझं पाठ झालं होतं. त्यांना स्वतःला लोकांसमोर गायची लाज वाटते. मला इथे कोण ओळखतं?) मी भर दुकानात पदर सावरून दोन कडवी म्हटली. अर्थ ठाऊक नाही, शब्द अर्धे मराठी झालेले. दुकानदार शांतपणे ऐकून घेऊन आत गेला आणि मला लहान मुलांच्या बडबडगीतांची तबकडी आणून दिली. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराला क्रमांकासकट गाणं आठवलं. पण तो म्हणाला, इतकी वर्षं धंदा केला, ही तबकडी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. दुसरीकडे कुठे ती खपलीच नव्हती, वन्सं. सगळ्याच्या सगळ्या त्या एका गावात होत्या. आणि गाव समुद्राने नेलं.

येताना बसमध्ये मियोको-सान खिडकीबाहेर बघत होत्या. एरवी मी त्यांना काहीतरी खायला काढून देते, त्या दिवशी पिशवीत हातच गेला नाही.

मग रविवारी भाजी निवडताना माझ्या मनात आलं. आपल्याकडची कोणती वस्तू गाव सोडून जाते? जी मुलीबरोबर जाते ती. मी अश्लेषाला म्हटलं, विचार त्यांना, तुमच्या गावच्या मुली लग्न होऊन बाहेर गेल्या तेव्हा बरोबर काय काय नेलं. अश्लेषा म्हणाली, आई, हा काय प्रश्न? मी म्हटलं, तू विचार. मियोको-सानने ऐकलं आणि हातातली शेंग खाली ठेवली. गावातल्या नवरीमुलींचे केस त्याच बांधायच्या. आणि शोजी-सान प्रत्येक नवरीच्या सामानात, तिने मागितली नसताना, माळ्यावर उरलेल्या तबकड्यांतली एक खुपसायचे!

मग फोन सुरू झाले. एकीने ती घर बदलताना टाकून दिली होती. एकीच्या नवऱ्याने तिचं घड्याळ केलं होतं. एकीला आठवेचना, पण ती फोनवर खूप रडली, म्हणाली केस किती छान बांधले होते. आणि टोकियोच्या पलीकडे इचिकावाला राहणारी फुमिए नावाची बाई म्हणाली, आहे, या.

आम्ही तिघी बुलेट ट्रेनने गेलो. मी शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या घेतल्या होत्या. डबा उघडला आणि पुढच्या दोन रांगांतले लोक अत्यंत सभ्यपणे दुसऱ्या डब्यात गेले. (लसूण जरा जास्त झाला होता.) फुमिए-सान पन्नाशीची, एकटीच घरी होती. चहा झाला, माझे बेसनाचे लाडू तिने देवघरात ठेवले आणि तबकडी आणली. वेष्टणावर छत्री धरलेले तरुण शोजी-सान, आणि मागे गावचं बंदर. ती म्हणाली, ही मी कधी ऐकली नाही, शोजीकाकांनी दिली म्हणून ठेवली. पण आता आमच्या बंदराचा माझ्याकडे एवढाच फोटो आहे. तिचे आईवडील त्याच गावात होते.

यंत्र तिच्या नवऱ्याचं, बरीच वर्षं बंद. फुमिए-सानने धूळ पुसून सुई ठेवली. आवाज आला आणि आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. गाणं रेंगाळत, जड पावलांनी चाललं होतं आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. अश्लेषा म्हणाली, वेग चुकलाय, ही तबकडी जोरात फिरवायची असते. तिने बटणाकडे हात नेला.

"थांबा," मियोको-सान म्हणाल्या. "असंच राहू दे. हे आमचेच आहेत."

वय झाल्यावर त्यांचा आवाज असाच झाला होता म्हणे, जाडसर आणि संथ. गिऱ्हाइकाला "मान जरा खाली" म्हणायचे तो आवाज. मियोको-सान डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग आम्ही योग्य वेगाने लावली. एक विशीतला पोरगा उंच आवाजात छत्रीबद्दल गाऊ लागला. मियोको-सानने परक्याचं ऐकावं तसं नम्रपणे ऐकून घेतलं, आणि संपल्यावर म्हणाल्या, "मुलगा बरा गातो. आता पुन्हा त्यांना लावा."

निघताना फुमिए-सानने वेष्टण स्वतःकडे ठेवलं आणि तबकडी मऊ रुमालात गुंडाळून मियोको-सानला दिली. श्राद्धाला ती लावली, चुकीच्या वेगाने. भटजी गोंधळले. गावचे उरलेले लोक आले होते. ते डोळे पुसत एकमेकांना सांगत होते की आपलं गाणं देशात एकोणिसावं आलं होतं. दुरुस्त करायची माझी काय टाप! मी अश्लेषाला कोपरखळी मारली, तर तीही मान डोलावत होती.

बाकी ठीक. थंडी ओसरली आहे. सर्वांना यथायोग्य सांगावे. पियुषला यातलं काही सांगू नये.

तुमची,
जयंती

ता. क. इथे गुडघ्यांसाठी चिकटवायच्या थंडगार पट्ट्या मिळतात, पाठवते आहे. वास उग्र आहे, म्हणजे तुम्हाला विश्वास बसेल.

ता. क. दुसरा. पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. पियुषच्या मुंजीत तुम्ही नाट्यगीत म्हटलं होतं, ते कुणीतरी टेप केलं होतं. तुम्ही वरच्या सुरावर पोचलात आणि तेवढ्यात हे आत येऊन म्हणाले, "ताई, आमटीत मीठ घालायचं राहिलंय." त्यावरून तुम्ही त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलला नव्हतात. वन्सं, माझ्याकडे ह्यांचे फोटो पुष्कळ आहेत. अश्लेषाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तर हे सगळीकडे आहेत, सारखे कुणाशीतरी बोलत आहेत, पण व्हिडिओवाल्याने वरून सनई घातली आहे. नुसते ओठ हलतात. ह्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. हे गेले तेव्हा वाटलं होतं, आवाज कसा विसरेन? हल्ली कधी कधी आठवायला वेळ लागतो. ती टेप शोधाल का? तुमचं गाणंही ऐकेन. (मिठापर्यंत तरी नक्की.)

ता. क. तिसरा. तुम्ही पुढे त्याच टेपवर प्रवचनं भरून घेतलीत, असं तुमची कश्मिरा एकदा बोलता बोलता म्हणाली होती. ते खरं असेल तर मला कळवू नका. शोधते आहे, एवढंच लिहीत राहा.