न आटणारं डोकं

५ ऑक्टोबर, रविवार

अखेर अलेक्झांड्रियात येऊन पडले. दमनहूरपासून मोटारीने तासाभराचा रस्ता, पण आईने डबा असा बांधून दिलाय की वाटावं मी हजला निघाले. भरलेली वांगी, द्राक्षाच्या पानांच्या वळकट्या आणि वर अंड्यांची पिशवी, जणू इथल्या कोंबड्या संपावर गेल्यात. खोली ट्रामच्या रुळांना लागून आहे. घरमालकीण म्हणाली की आठवडाभर आवाजाने झोप येणार नाही आणि नंतर आवाजाशिवाय येणार नाही.

कामाची जागा समुद्रापासून दोन गल्ल्या आत. म्हातारपणी मेंदू किती आणि कुठे आटतो ते मोजणारं केंद्र. एमआरआय मशीन मेंदूचे पातळ काप दाखवतं, संगणक प्रत्येक भागाभोवती रेघ आखतो आणि चुकलेली रेघ मी हाताने सुधारायची. मग संगणक सांगतो की हा मेंदू किती वर्षांचा दिसतो. माणूस सत्तरीचा आणि मेंदू साठीचा निघाला की घरचे लोक मिठाई घेऊन येतात. उलट निघालं की कुणी काही आणत नाही.

प्रमुख डॉक्टर रुश्दी गोड बोलतात, चहात चार चमचे साखर घालतात. मशीन चालवणारा वग्दी मात्र तोंडाळ आहे. मला पाहताच म्हणाला, "या इंजिनियरबाई, दमनहूरवाल्यांच्या डोक्यात मेंदू असतो की कापूस, ते आता कळेलच." मी म्हटलं, कापूसच आहे, म्हणून तुझी बडबड आत जाणार नाही. आमचं जमेल असं वाटतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मला नुसतं रेघा सुधारायला घेतलेलं नाही, हे आज कळलं. मशीनही हळूहळू बदलतं. आज मेंदूच्या आकाराचा एक आकडा देईल, महिन्याने त्याच डोक्याचा जरा निराळा. म्हणून दर रविवारी सकाळी एकच डोकं मोजायची इथली पद्धत आहे. तरुण, निरोगी, दातांत धातू नसलेलं आणि न हलणारं डोकं. त्या माणसाला इथे पट्टी म्हणतात. तरुण डोकं काही आठवड्याभरात आटत नाही, तेव्हा पट्टीचा आकडा घसरला तर दोष मशीनचा धरायचा आणि जेवढा घसरला तेवढी भर सगळ्या म्हाताऱ्यांच्या आकड्यांत घालायची. आधीची पट्टी आजारी पडून घरी गेली म्हणाले. आता पट्टी मी.

फुशारकी वाटली तर वाटो, पण मी हलत नाही. मशीन ठोकठोक करत होतं आणि मी आत पडून होते. वग्दी माईकवरून म्हणाला, "बाई, जिवंत आहात ना? मुडदेसुद्धा इतके शहाण्यासारखे पडत नाहीत." चित्र इतकं स्वच्छ आलं की डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मी सत्तावीस वर्षांची, संगणकाने सव्वीस सांगितलं. आईला फोन केला. तिचं म्हणणं, याचा अर्थ अक्कल अजून यायची आहे एवढाच. खूप हसलो दोघी.

२६ ऑक्टोबर, रविवार

माझा आकडा थोडा घसरला. म्हणजे मशीनचा. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आकड्यांत भर घातली.

दुपारी हाज्जा तहिया आल्या, ऐंशीच्या घरातल्या, हज केलेल्या म्हणून सगळ्यांच्या हाज्जा. नवरा मासेमार होता, आता एकुलता मुलगा सफवत सांभाळतो. मागच्या खेपेला त्या त्याला स्वतःच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारत होत्या. आज त्याला नावाने बोलावलं आणि शर्टाचं बटण तुटलंय म्हणून दटावलं. आमच्या हिशेबातही त्यांचा मेंदू तरुण झालेला निघाला. सफवत कॉरिडॉरमध्ये रडला, मग जाऊन बसबुसाचं, रव्याच्या गोड वड्यांचं, ताट घेऊन आला. वग्दीने माझ्या वाटची वडीही खाल्ली. अशा दिवशी या नोकरीचा अभिमान वाटतो.

९ नोव्हेंबर, रविवार

चहा गाळायच्या त्या जाळीच्या वस्तूचा शब्द सकाळपासून आठवत नव्हता. घरमालकिणीला हाताने करून दाखवलं. ती हसली, मीही हसले.

आकडा पुन्हा घसरला. या वेळी माझ्याच चित्रावरच्या रेघा मी स्वतः तपासल्या. मेंदूच्या मध्ये पाण्याच्या पोकळ्या असतात, वय वाढलं की त्या पसरतात. माझ्या पसरल्यात. आठवणी जिथे साठतात तो कानामागचा बारका भाग रोडावलाय. मी रेघ बाहेर ओढून पाहिली, पण बाहेर काही नव्हतंच, नुसतं काळं पाणी.

वग्दीला म्हटलं, पाण्याची सीलबंद बाटली ठेवून मोजून दाखव. बाटली तर आटत नाही ना? त्याने कुरकुर करत मोजली. आकडा होता तसाच आला. मशीन ठीक आहे.

मग घसरलं कोण?

११ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "बाळ, पट्टीच स्वतःला मोजायला लागली तर आम्ही कपडे शिवायचे कसे?" बाटली ही बाटली आहे, डोक्याची बरोबरी तिला करता येणार नाही. म्हातारे सुधारताहेत हे सगळे डोळ्यांनी बघताहेत. माझं डोकं आटलं असं धरलं तर त्या सगळ्यांचे आकडे पुन्हा पडतील, आणि मग सफवतला ते सांगायला मीच जावं. शेवटी विचारलं, नीट जेवतेस ना?

मी हो म्हटलं. मला भीती वाटली. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

१६ नोव्हेंबर, रविवार

दरवर्षीचं वादळ आलं. समुद्र रस्त्यावर. तरीही हाज्जा आल्या, काठीशिवाय. माझं मोजून झालं होतं, त्यांच्या शेजारी बाकावर बसले होते. त्या सहज बोलायला लागल्या. दमनहूरचं घर, गच्चीवर बापाची कबुतरं. एक पिल्लू हातात दाबलं गेलं आणि मेलं. बापाला कळू नये म्हणून ते पिठाच्या डब्यात पुरलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पिठाची भाकरी सगळ्यांनी खाल्ली.

सफवत ओशाळला. म्हणाला, हिने आयुष्यात अलेक्झांड्रिया सोडलं नाही आणि कबुतरांचा तर तिला तिटकारा. म्हातारं माणूस, काहीही बोलतं.

ते घर माझं आहे. ते पिल्लू मी मारलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

हाज्जांना विचारलं, पिल्लाचा रंग कोणता होता? गेरूसारखा, म्हणाल्या, मानेवर पांढरा ठिपका. मी डोळे मिटून शोधलं. मला गच्ची दिसेना. माझं आहे एवढं ठाऊक आहे, तेही त्यांनी सांगितलं म्हणून.

जी भर त्यांच्या आकड्यांत पडते ती माझ्यातून जाते. हे लिहून ठेवते. उद्या मला पटणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ठरलं. शनिवारी दमनहूरला. रविवारी मी मशीनमध्ये जाणार नाही. मी आत गेले नाही तर आकडा घसरणार नाही, आकडा घसरला नाही तर भर नाही. साधी गोष्ट आहे. आईला फोनवर येते म्हटलं. तिने विचारलं, काय करू? मला वांगी आवडतात असं ती म्हणाली. असेल.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

मशीनमध्ये जाऊन आले.

कसं ते माहीत नाही. रविवार होता, पाय निघाले. वग्दीने विचारलं, बॅग कशाला आणलीत? मलाही कळलं नाही.

आतमध्ये बरं वाटतं हे खरं आहे. ठोकठोक चालू असतं, काही आठवावं लागत नाही.

संगणकाने साठीची सांगितली. डॉक्टर म्हणाले, मशीन फारच बिघडत चाललंय. मोठी भर घातली. सगळ्यांना.

वग्दी थट्टा करत नव्हता. माझी बॅग उचलून बाहेर घेऊन आला, हळूच म्हणाला, "बाई, घरी जा. आज जा." मी बरं म्हटलं. ट्रामच्या थांब्यावर उभी राहिले. ट्राम आल्या, गेल्या. कुठलं घर ते त्याने सांगितलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

आता वग्दी खोलीवर सोडतो आणि सकाळी न्यायला येतो. आई फोन करते बहुतेक. घरमालकीण बोलते तिच्याशी.

हाज्जा जिना चढून आल्या. वग्दी म्हणाला, काय हाज्जा, डोक्यात काय भरलंय आज? त्या म्हणाल्या, कापूसच आहे, म्हणून तुझी बडबड आत जात नाही.

वग्दीच्या हातातला पेला पडला. तो माझ्याकडे बघायला लागला. मला विनोद कळला नाही — पण हसले. हसायचं असतं तेव्हा.

वग्दी मग डॉक्टरांच्या खोलीत जाऊन ओरडला. बराच वेळ. बाहेर आला तेव्हा त्याची नोकरी गेली होती.

७ डिसेंबर

नवा माणूस मशीनवर. मी हलत नाही म्हणून त्याने कौतुक केलं.

मागची पानं वाचली. कबुतरांचं छान लिहिलंय. कुणाची ती — ?

भीती वाटते असं लिहिलंय एका जागी. आता वाटत नाही. त्या जागी काही नाही, थंड पाणी —

डिसेंबर, रविवार

एक बाई आली. मोटारीने, लांबून. मोठा डबा. वग्दीने कळवलं म्हणाली, वग्दी कोण ते —

माझं तोंड दोन्ही हातांत धरलं तिने. खूप विचारलं. मी नमस्कार केला, बसा म्हटलं.

मग हाज्जा आल्या. बाईला बघून धावल्या. हाक मारली तिला. सफवत म्हणाला, ही तुझ्या लेकीच्या वयाची, तिला काय म्हणतेस? हाज्जा ऐकेनात. बाई मागे सरकली, भिंतीपर्यंत. हाज्जा तिच्या कानाशी काही बोलल्या. बराच वेळ बोलल्या. बाई खालीच बसली. मग तिचा हात उठला, हाज्जांच्या केसांवरून फिरला. दोघी रडल्या.

मला बरं वाटलं. इतक्या लांबून आलेल्या माणसाने रिकामं जाऊ नये.

डबा उघडला. वांगी. हाज्जांनी खाल्ली, बोटं चाटून.

मला आत बोलावताहेत, रविवार आहे. बाई निघाली, हाज्जांचा हात धरून. सफवत मागून शाल घेऊन. दारात ती वळली. माझ्याकडे बघत राहिली. हाज्जा ओढताहेत तरी जाईना.

ती थांबली होती कशासाठी तरी. मी एक म्हणायला हवं होतं. लहानसा शब्द. बोलता न येणारी पोरंही म्हणतात तो, ओठांवर आला होता, आत्ता होता —