लाटेवर उभं राहण्याची तयारी

२० ऑगस्ट १९६१, रविवार
आजपासून रोजनिशी. मराठीत, म्हणजे घरात कोणी वाचणार नाही; घरचा सगळा कारभार मारवाडीत. निश्चय : दिवाळीनंतर समुद्र. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात कान दाखवायला गेलो होतो, तिथे अमेरिकन मासिकात फोटो पाहिला. लाटेवर फळी आणि फळीवर एक इसम उभा. उभा! मी बारा वर्षं खापर गावच्या कापड दुकानात मांडी घालून बसलोय. पान खिशात घालून आणलं. प्लॅन : सुरतेजवळचा डुमसचा किनारा, आठ दिवस, तंबू, फळी. पोहता येत नाही. पण तो इसमही पोहत नव्हता.

२२ ऑगस्ट
तंबूसाठी बावीस वार मांजरपाट कापला. वडिलांना, म्हणजे बापूजींना, सांगितलं, उंदरांनी कुरतडला. ते नुसते बघत राहिले. पटलं असावं.

२७ ऑगस्ट
प्रॅक्टिस. दोन गाठोड्यांवर फळी टाकून उभा राहिलो. हमाल दगा फळी हलवत होता. "शेठ, पडी जाशात," म्हणाला. पडलो. माझा तोल उत्तम आहे, फळी वाकडी.

३१ ऑगस्ट
बायकोला, छोटीबाईला, विश्वासात घेतलं. तिने एकच विचारलं, "आखो समदर कुण छाणसी?" आम्ही जैन, न गाळलेलं पाणी वापरत नाही. म्हटलं, मी पाण्यात नाही, पाण्यावर असणार. ती पापड वाळत घालायला निघून गेली.

५ सप्टेंबर
घोटाळा. बापूजींचा हुकूम : दिवाळी झाली की झुंबरलालकाकांबरोबर मारवाड. काकांच्या दुकानात तीन महिने. म्हणजे तिथेही बसायचंच! धान्याच्या कोठीत जाऊन रडलो. थोडंसंच.

८ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ११
सुटलो! पर्युषणाचं व्याख्यान चालू होतं. चातुर्मासाला आलेल्या साध्वी महासतीजींनी विचारलं, दिशांची मर्यादा कोण घेणार? म्हणजे ठरवलेल्या कोसांपलीकडे पाऊल टाकायचं नाही. मी ताडकन उठलो. चाळीस कोस! मारवाड आपोआप बाद, आणि व्रतापुढे बापूजी काय बोलणार? समुद्र मात्र आत बसतो. नकाशावर चार बोटं, बोटाला दहा कोस. महासतीजी प्राकृतात बरंच काही म्हणाल्या, मी शब्दाशब्दाला हात जोडले. सगळ्यांनी जयजयकार केला. असलं डोकं घराण्यात दुसऱ्या कोणाला नाही.

९ सप्टेंबर
बापूजी भलतेच खूश. दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. सगळ्यांना सांगत होते, "ओ अबै कठैई कोनी जावै." हा आता कुठे जात नाही म्हणे! सांगू देत.

११ नोव्हेंबर
धनसिंग मास्तर शाळेत भूगोल शिकवतात. त्यांना सहज विचारलं. इथून नंदुरबार, तिथून रेल्वे, असं धरून डुमस सत्तर कोस. मी बोटं दाखवली. म्हणाले, शेठ, रेल्वे बोटावरून जात नाही. हरकत नाही. पुढच्या वर्षी मर्यादा वाढवून घेणे.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
चातुर्मास संपला. महासतीजी सत्तरीच्या, अनवाणी, पायी सुरतेला निघाल्या. वेशीपर्यंत पोचवायला गेलो. हळूच विचारलं, वर्षाने मर्यादा वाढवता येते ना? म्हणाल्या, "श्रावकजी, पचखाण तो जावज्जीव रो है." पचखाण म्हणजे घेतलेलं व्रत, जावज्जीव म्हणजे जीव असेपर्यंत. मला तो मंत्राचा भाग वाटला होता.

विचारलं, समुद्र पाहिलाय का आपण? म्हणाल्या, हो, डुमसला, दोनदा. कसा आहे? जरा आठवून म्हणाल्या, पाणी फार आहे, उगाच वळसा पडतो.

त्या पुढे गेल्या. मी वेशीवरून परत फिरलो.