बाबांनी माझे आभार मानले तेव्हा

तीर्थस्वरूप मिसाओ आत्यास, तेत्सुजीचा वाकून नमस्कार. तुमच्याकडे सकाळी धुकं पडू लागलं असेल, गुडघे जपा. आपलं सार्वजनिक न्हाणीघर सध्या गिऱ्हाइकांसाठी बंद आहे, पण बाबा सुखरूप आहेत, हे आधीच लिहितो. (तुम्ही पत्र शेवटापासून वाचता. तसं करत असाल तर कृपया वर या.)

बाबांच्या मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि फुटलेल्या जागी चिमटा लावला, इथवर फोनवर सांगितलंच होतं. डॉक्टर ओकुदाईरांनी तेव्हाच बजावलं होतं, की सांडलेल्या रक्तामुळे आता आसपासच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात, तेव्हा वागण्यात जरा फरक दिसला तरी कळवा. मी त्यांच्या खाटेजवळची खुर्ची सोडली नाही. आठवडाभर बाबा उत्तम होते. नर्स मोरिवाकीबाईंना, "हा चहा आहे की हात धुवायचं पाणी?" आणि मला, "इथे काय बसलास, गाढवा? बॉयलर कोण बघतंय?" मग मंगळवारी सकाळी मी कोमट चहा दिला. तो पिऊन ते म्हणाले, "वा, छान आहे. आभारी आहे हं, तेत्सुजी."

आत्या, पेला माझ्या हातून गळून पडला. मी (पायांत कोणाच्या तरी सपाता) बाहेर धावत सुटलो, "बाबा आभार मानतायत!" मोरिवाकीबाई म्हणाल्या, "अय्या, किती गोड!"

"गोड काय, बाई! त्यांनी आईचेसुद्धा कधी मानले नाहीत!"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी बाबांना दोन्ही हात वर धरायला सांगितले. उजवा हळूहळू खाली आला. लगेच तपासणी झाली. रक्तवाहिनी दोऱ्याएवढी बारीक झाली होती. मी विचारलं, आमच्या बॉयलरच्या नळीसारखा आत क्षार साचला का? डॉक्टर म्हणाले, क्षार नाही, नळीनेच अंग चोरलंय. मग जांघेतून एक बारीक नळी थेट डोक्यापर्यंत नेऊन आत औषध सोडलं. (मी बाहेर उभाच होतो. बसलो तर वाईट होईल असं वाटत होतं.) संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले आणि डॉक्टरांना म्हणाले, "हात काय गार आहेत हो तुमचे! आमच्याकडे या, उकडून काढतो." मग माझ्याकडे वळून, "आणि तू रडतोस काय, गाढवा?" मी आणि मोरिवाकीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

तुमचा, तेत्सुजी

ता. क. काल बाबा पुन्हा म्हणाले, "तेत्सुजी, फार केलंस रे माझ्यासाठी." मी बेल दाबली. पुन्हा सगळी तपासणी झाली. रक्तवाहिन्या ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "या वेळी ते मनापासून म्हणाले असावेत." तेव्हापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत.

आणखी एक ता. क. तुम्ही येऊन धाकट्या भावाची समजूत काढाल का? मला ते पुन्हा एकदा ऐकायचं आहे. बेल मी लांब ठेवीन.