बोथट झांजा

१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. एवढे पडदे हाताने शिवलेस हे वाचून तुझ्या डोळ्यांची काळजी वाटली. सांगून तू ऐकणार नाहीस हेही ठाऊक आहे.

या शनिवारी मात्र यायचंच. नऊ वर्षं मी त्या तळघरातल्या क्लबात मिक्सरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर, काम करते, आणि तू एकदाही आली नाहीस. बहिरीला गाणं ऐकायला कसली बोलावतेस, असं म्हणशील. पण हे दणदणीत संगीत आधी छातीला कळतं. बँडमध्ये चौघं आहेत: गिटारवाला, बेसवाली, ड्रमवाला आणि गाणारा. गाणारा खरं तर गुरगुरतो, तेव्हा तुझा फायदाच आहे.

थट्टा पुरे. त्या रात्री मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापक बाई माझं काम पाहायला येणार आहेत. पसंत पडलं तर तिथली मुख्य साउंडवाली मी! चिंता एकच. क्लबाचे स्पीकर जुने झालेत, ड्रमच्या झांजा बोथट वाजतात. दर आठवड्याला मी ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक आवाज, थोडे वाढवते, तेव्हा कुठे धार येते.

तुझ्यासाठी खिडकीजवळची खाट रिकामी केली आहे. माया घेऊन ये, बाकी सामान नको.

तुझी,
भिंगरी


१० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचले. गुडघे अजून तुझ्या त्या पायऱ्यांच्या नावाने बोटं मोडताहेत.

काळ्या भिंती, काळे सदरे, पण माणसं किती सालस! एका दाढीवाल्याने न विचारता मला खांबापाशी स्टूल आणून दिलं. पहिला ठोका पडला तो थेट बरगड्यांत. गिरणीत तीस वर्षं मागावर उभी राहिले, तिथली जमीन अशीच थरथरायची. तिथे आवाज पोचायचाच नाही, म्हणून आम्ही बाया एकमेकींचे ओठ आणि चेहरे वाचायचो. ती सवय अजून आहे. तुझ्याकडे पाहिलं आणि रडू आलं. एवढ्या कल्लोळात तुझी बोटं किती शांत होती.

पुढचं लिहू की नको यात तीन दिवस गेले. ड्रमवाला झांजेवर काठी मारायचा तेव्हा पुढची माणसं डोळे मिटून घेत होती. आनंदाने नव्हे, दाढेत कळ आली की मिटतो तसे. दोन मुलींनी कानांत रुमालाची टोकं कोंबली. सभागृहाच्या बाई तिसऱ्या गाण्यालाच मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. आणि तू, अजून कमी पडतंय अशी मान हलवत, बटण आणखी वर नेत होतीस.

भिंगरे, स्पीकर ठीक आहेत. वरचे बारीक आवाज तुला ऐकू येईनासे झालेत. माझेही आधी तेच गेले होते. कान तपासून घे गं.

तुझी,
आत्या


१४ मार्च

आत्या,
नमस्कार.

सभागृहातून नकार आला. तुझ्या मनासारखं झालं.

ज्या बाईला दारावरची घंटा ऐकू येत नाही तिने मला आवाज शिकवावा? एका रात्रीत तू माझी नऊ वर्षं मोडीत काढलीस. सध्या पत्र पाठवू नकोस.

भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरीस,
नको म्हटलंस तरी आशीर्वाद.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. तिशीतच मला कळलं होतं. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडायची आणि मी शेजारी भांडी घासत असायचे. काम सुटेल या भीतीने डॉक्टरकडे गेले नाही. सहा वर्षं लपवलं.

शेजारच्या मागावर माझी जिवाभावाची मैत्रीण होती. एक दिवस तिचा हात मागाच्या पट्ट्यात सापडला. ती किंचाळली. मी पाठमोरी, दोन पावलांवर, तुटलेला धागा जोडत राहिले. चार माग ओलांडून बाया धावत आल्या तेव्हा कुठे मी वळले. तिची दोन बोटं गेली. तिने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र स्वतःला माफ केलेलं नाही.

हे मला तुझ्या वाट्याला येऊ द्यायचं नाही. बाकी काही नाही.

आत्या


३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तपासणी झाली. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. शेवटी मी बराच वेळ वाट पाहत राहिले, मशीन बंद पडलं असं वाटलं. मशीन चालूच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलं जपायचं तर हे काम सोडावं लागेल.

मी चौघांना सांगायला गेले, तर कोणालाच नवल वाटलं नाही. त्यांना वर्षभर ठाऊक होतं. मला न दुखवता निभावून न्यायचं म्हणून ड्रमवाला झांजांना खालून आवाज दाबणाऱ्या पट्ट्या चिकटवत होता, गिटारवाला गुपचूप आपला ट्रेबल उतरवत होता. ते उतरवत गेले, मी चढवत गेले. गाणारा तर हुंदके देऊन रडला. मला इतका राग आला की तशीच उठून आले. वर्षभरात एकालाही तोंड उघडता येऊ नये?

शनिवारी मिक्सर दुसऱ्या बाईंच्या हाती दिला. त्यांनी आधी त्या पट्ट्या काढायला लावल्या. मी कानांत बोळे घालून मागे उभी होते. लोक डोळे उघडे ठेवून नाचत होते. ते बघून जीव जाईल असं वाटलं होतं, पण शेवटपर्यंत उभी राहिले.

मागच्या पत्रात फार वाईट बोलले. पोटात घाल.

तुझी,
भिंगरी


८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मैत्रिणीचा हात सापडला त्यानंतर मला कळलं की माझं बहिरेपण गिरणीतल्या साऱ्या खात्याला आधीपासून माहीत होतं. माझं काम जाऊ नये म्हणून सगळ्या गप्प होत्या. ती मायाच होती गं, पण बोटं गेलीच.

म्हणून म्हणते, त्या चौघांवर राग धरू नकोस. माझ्यावर हवा तेवढा धर. तुझं काम माझ्यामुळे सुटलं, आणि पुन्हा तसं दिसलं तर मी पुन्हा सांगेन. रागाचं का होईना, तुझं पत्र येत राहू दे.

तुझी,
आत्या