दातांत आडवा पेचकस

प्रिय दादा,

तुझ्या व्याख्यानाला मी आलो होतो. शेवटच्या रांगेत, कामाच्याच कपड्यांत. पडद्यावर लाल-निळ्या ठिपक्यांचा एक मेंदू होता आणि खाली लिहिलेलं: पुरुष, वय बेचाळीस, स्किझोफ्रेनिया, व्यवसाय वायरमन. नाव तेवढं झाकलंस. सख्ख्या भावाची अब्रू राखलीस, आभारी आहे.

मग तू अक्कल पाजळलीस. म्हणे या आजारात मेंदूतले जोड बिघडतात, पण काही वाटा बंद पडल्या की मेंदू नव्या शोधतो. कशा शोधतो त्यावर संशोधन चालू आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आवरेना. अरे, बावीस वर्षं मी लोकांच्या घरांत वायरी ओढतोय आणि तेवढीच वर्षं माझ्या डोक्यात माणसं बोलतायत. गोळ्यांनी त्यांचा आवाज उतरतो, पुरता जात नाही. उरलेल्यांचा बंदोबस्त माझा मी केला. पेचकस दातांत आडवा धरायचा, जीभ सैल सोडायची, की ती मंडळी कुजबुजीवर येतात. तरी शंका आलीच तर गिऱ्हाइकालाच विचारतो, आत्ता तुम्ही बोललात का म्हणून. त्यांनाही आता सवय झालीय. नसतील बोलले तर नुसती मान हलवतात आणि आपल्या कामाला लागतात.

हे मी तुला, माझ्या मेंदूचं ते चित्र काढलंस तेव्हाच सांगितलं होतं. वहीतून डोकं वर न काढता तू म्हणालास, एकट्याच्या अनुभवाला शास्त्रात किंमत नसते. फार लागलं होतं रे. पुढे पुढे तुझी कीवच यायला लागली. एवढा शिकलास आणि समोरच्याचं ऐकून घेणं तेवढं राहून गेलं.

असो, टोमणे मारायला पत्र लिहीत नाहीये. तुझी लेक महिनाभर कॉलेज सुटल्यावर माझ्या दुकानात येतेय. घरात कोणी नसताना तिला हाका ऐकू येतात, हल्ली तर माणसांत असतानाही. तुला सांगायला ती घाबरते, कारण तिला तुझ्या पडद्यावर जायचं नाहीये. मीच तिला समजावलं, आणि तुला कळवायची परवानगी मागून घेतली. सोमवारी सकाळी दहाला डॉक्टरांची वेळ घेतलीय, तुझ्या इस्पितळाबाहेरच्या. तू ये. वही आणू नकोस. आणि जेवताना मध्येच ती पेन्सिल दातांत धरून बसते म्हणून तिच्यावर खेकसणं आधी बंद कर. ते मी शिकवलंय. तुझं बोलणं तिला नीट ऐकू यावं म्हणून ती तसं करते.

तुझाच,
धाकटा